एकशे ब्याण्णव व्होल्ट

म्हापशाच्या वीज कार्यालयात मी तक्रारी लिहून घेतो,
खिडकी क्रमांक तीन.
व्होल्टेज कमी. पंखा फिरत नाही, नुसता विचार करतो.
पंपाने पाणी अर्ध्या नळीपर्यंत आणून सोडलं.
मी मान हलवतो, तारीख टाकतो.
कोणाला सांगू, की याच पडलेल्या व्होल्टेजची
मी रात्री दहापर्यंत वाट बघतो?

घरी, शिवोलीला, माझा पाच वॉटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प आहे.
रायच्या बोनिफासने मेलेल्या रेडिओच्या पोटातून बांधलेला;
काचेवर अजून कोलंबो आणि लिस्बोआ,
काटा मात्र कुठेच जात नाही.
पाच वॉट म्हणजे काय, झोपायच्या खोलीतला दिवा,
असं मीही समजत होतो.
पहिल्या दिवशी एकच तार छेडली
आणि भिंतीपलीकडे एर्मेलिंद बायच्या कपाटात
बशा एकमेकींना काहीतरी सांगू लागल्या.

अडचण अशी की व्हॉल्व्ह दमल्याशिवाय गोड बोलत नाही.
चढण चढून आलेल्या माणसाचा आवाज
पहिल्या वाक्याला किंचित फाटतो ना,
तेवढंच फाटणं मला हवं.
आणि दमवावा तर अख्खा वाडो जागा.
बोनिफास म्हणाला, वॉट दहापट उतरव,
कानाला निम्मेच उतरल्यासारखे वाटतील;
कान सरकारी नोकर, बाबा, त्याला सगळं उशिरा कळतं.
(हे तो मला म्हणाला. मला.)

मग स्पीकर कपाटात ठेवला, सुलक्षाच्या साड्यांत तोंड खुपसून.
सूर डांबरगोळीसारखा आला.
मग बोनिफासने तारेच्या वेटोळ्यांचा एक डबा दिला:
निम्मी ताकद त्यात जाळायची, उरलेली ऐकायची.
डब्यावर ठेवलेला उंडो सकाळपर्यंत मऊ राहिला,
सूर तेवढा चिवट झाला.

आणि मे महिन्यातली ती रात्र.
टेकडीवरच्या सुट्टीवाल्यांच्या बंगल्यांत
चौदा एसी एकदम सुरू झाले.
ट्यूबलाइटने पापणी लववली.
मीटरवर एकशे ब्याण्णव.
मी गिटारचा आवाज चारवर आणला, खर्ज थोडा वाढवला,
कारण हळू वाजलं की कान आधी खर्ज विसरतो,
आणि एक सूर लावला.
तो तडक आला नाही.
बुटक्या दारातून उंच पाहुणा यावा तसा
आधी वाकला, मग आत येऊन
हळूहळू पूर्ण उंचीचा झाला.
आतल्या खोलीत सुलक्षा फोनवर कोणाला
इंजेक्शनाची वेळ समजावत होती,
ती मला शब्दन् शब्द ऐकू येत होती.
इतका हळू. आणि इतका मोठा.

सव्वीस रात्री मिळाल्या.

सत्ताविसाव्या दिवशी खिडकीवर एर्मेलिंद बाय.
दम्याचं यंत्र रात्री सुरूच होत नाही, म्हणाली,
मोटर हुंकारते आणि बसते.
मी लिहून घेतलं. तारीख टाकली.
नव्या ट्रान्सफॉर्मरची फाइल आधीपासून माझ्याच टेबलावर होती.
ती मी अजून दोन दिवस ठेवली.
खोटं कशाला, चार.

पावसाच्या तोंडावर क्रेन आली,
पंचाने नारळ फोडला, एकाने जास्वंद वाहिली.
दोनशे एकतीस.
अ‍ॅम्प आता नव्या स्टीलच्या पेल्यासारखा वाजतो,
स्वच्छ, आणि पाण्याला चव नाही.
बोनिफासकडे व्होल्टेज उतरवायचं एक चक्र आहे,
शनिवारी आणीन म्हणतो. तीन शनिवार झाले.

तोवर रात्री भिंतीपलीकडे यंत्र चालतं,
सोलमध्ये, किंचित चढं.
मी गिटारच्या सगळ्या तारा तेवढ्याच चढवतो,
अ‍ॅम्प बंदच असतो बहुतेक,
आणि ते थांबेपर्यंत वाजवतो.
थांबल्यावर ती खोकते का,
तेही ऐकतो.